पुसायचं, घासायचं नाही

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोईसर, पालघर, चिंचणी या पट्ट्यातल्या शाळांचे फोन यायला लागतात. मे महिनाभर संगणक कक्षाला कुलूप असतं. खिडक्या बंद, मशिनं बंद, आणि मग एका रात्रीत पाऊस येतो. शाळा उघडते, मुलं रांगेने येऊन बसतात, आणि दहातली तीन-चार मशिनं मुकी राहतात. "दादा, पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण स्क्रीन काळीच. आतून नुसतं बीप-बीप वाजतंय." हे ऐकलं की मी निघताना पिशवीत नवे पार्ट भरत बसत नाही. भिंग, मऊ ब्रश, हाताने दाबायचा रबरी फुगा, आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, छोटी बाटली, चष्मा पुसतात तसल्या कापडाचे तुकडे आणि मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा, एवढंच घेतो. मुक्या मशिनांतली निम्म्याहून जास्त एवढ्यावरच बोलायला लागतात.

लोकांना हे जादूसारखं वाटतं. जादू काही नाही. संगणकाच्या आत वीज जिथे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाते, तिथे दोन धातू नुसते एकमेकांना टेकलेले असतात. डीडीआर-फोरच्या एका रॅमला असे २८८ टेकू असतात. यातल्या एकानेही साथ सोडली, तरी मशीन उठेलच याची खात्री नाही. वर, टेकलेले म्हणजे पूर्ण टेकलेले नसतातच. रॅग्नर होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने याच विषयाला आयुष्य दिलं. त्याचा 'इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट्स' हा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आला. त्याने दाखवून दिलं की डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन धातू प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच भेटतात, आणि सगळी वीज त्या सूक्ष्म ठिपक्यांतून वाहते. त्या ठिपक्यांवर बुरशीइतका पातळ थर बसला तरी वाट बंद.

घरातल्या दिव्याच्या बटणावरही असाच थर बसतो, पण तिथे २३० व्होल्ट असतात. बटण दाबताना, सोडताना ठिणगी उडते आणि थर जाळून टाकते. रॅम चालते १.२ व्होल्टवर. तिच्याकडे ना ठिणगी, ना तो थर फोडायची ताकद. ते काम कुणीतरी हाताने करावं लागतं. माझा धंदा तो आहे.

आमच्या भागात हा थर दोन दिशांनी येतो. सातपाटीच्या एका घरातलं मशीन मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हा कॅबिनेटचे स्क्रू गंजून बसले होते. अंगणात बांबूवर ओळीने बोंबील सुकत होते आणि मशीन समुद्राकडच्या खिडकीखाली. बोर्डावर हिरवट-पांढरा बुरा धरलेला. हे मिठाचं काम. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच बोर्डावर होतं. खारट पाण्याचा एक अदृश्य थेंब आणि त्यात तांब्याची वाट.

एमआयडीसीतल्या एका ऑफिसातलं मशीन मात्र वेगळं निघालं. गंज जवळपास नाही, पण चांदीचा मुलामा असलेले टेकू काळे पडलेले. देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात तसे, आणि कारणही तेच. हवेत गंधकाचे वायू असले की चांदीचं सल्फाइड होतं. देशाला १९६९ पासून अणुवीज देणारं तारापूर आणि त्याच्या शेजारचं आमचं बोईसर, इथे रसायनांचे, रंगांचे, औषधांचे, पोलादाचे कारखाने दाटीने उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर प्रदूषणात सर्वांत वर होतं. ते वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. भिंगाखाली तेच मी कितीतरी वर्षं बघत होतो.

हे काम मी पालघरला शिकलो, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात. त्यांच्या टेबलावर सीटीसीची बाटली असायची. कार्बन टेट्राक्लोराइड, गोडसर वासाचं, झटकन उडून जाणारं. बँड बदलायच्या खटक्यावर ते त्याचे दोन थेंब सोडायचे, खटका चार वेळा इकडे-तिकडे फिरवायचे आणि खरखर थांबायची. मी विचारलं होतं, "काका, घासायचं नाही?" ते म्हणाले, "खटका स्वतःच घासतो रे. आपण फक्त त्याला ओलावा द्यायचा." त्यांच्या सीटीसीने यकृताला इजा होते आणि ओझोनचा थरही विरतो, हे मला फार नंतर कळलं. मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून असल्या वापरातून ते हद्दपार झालं. बाटली गेली, पण काकांचं वाक्य माझ्याजवळ राहिलं. रॅमच्या स्लॉटलाही ते लागू पडतं. रॅम आत जाताना स्लॉटच्या स्प्रिंगा तिच्या पट्ट्यांवरून घसरतात आणि थर खरवडतात. म्हणून कधी कधी नुसती काढून परत बसवली तरी मशीन उठतं. पण त्या स्प्रिंगांचंही आयुष्य मोजलेलं असतं. असे स्लॉट साधारण २५ वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेले असतात. करून बघू, परत करून बघू, असं दिवसभर करत बसण्याची ती जागा नाही.

हे शहाणपण मला एका चुकीनंतर आलं. मी विशीत होतो आणि हातात वेग होता. एका किराणा दुकानदाराचं मशीन आलं, रॅमच्या पट्ट्या डागाळलेल्या. मी खोडरबर घेतलं, त्याने डाग जाईना, तेव्हा सुताराकडचा बारीक पॉलिश पेपर घेतला. दोन मिनिटांत पट्ट्या लखलखीत. मशीन चालू झालं, दुकानदार खूश, मीही खूश. पाऊस सुरू झाल्यावर ते परत आलं आणि या वेळी काही केल्या उठेना. भिंगाखाली धरलं तर कडेच्या पट्ट्या सोनेरी राहिल्याच नव्हत्या. तांबूस दिसत होत्या आणि त्या तांबूसावर हिरवं चढायला लागलं होतं. दुकानाची सगळी उधारी त्या मशिनात होती. हार्डडिस्क शाबूत होती म्हणून हिशेब वाचला. नवी रॅम मी माझ्या पैशांनी आणून बसवली आणि जुनी ठेवून घेतली.

त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. किती पातळ, ते माहीत नव्हतं. चांगल्या रॅमवरही तो जेमतेम पाऊण मायक्रॉन असतो. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या नव्वदपट जाड. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. सोन्याला ना मीठ बाधतं ना गंधक. सगळं मशीन त्या पाऊण मायक्रॉनच्या आडोशाला उभं असतं. मी डाग काढायला गेलो आणि आडोसाच काढून आलो. चकाकी बघून आपण फसतो. लखलखणारी पट्टी स्वच्छ असेलच असं नाही. कधी कधी ती उघडी पडलेली असते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: पुसायचं, घासायचं नाही. वर जे बाहेरून येऊन बसलंय ते आपलं. खाली जे आहे त्याला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही.

पुसण्याचीही रीत आहे. आधी प्लग काढायचा. बटण बंद केलं यावर विसंबायचं नाही, कारण कित्येक घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात आणि बटण बंद असूनही फेज आत पोचलेला असतो. प्लग काढून मशीनचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र उघडायचाच नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त, वीज साठलेली असू शकते. मग मनगटाचा पट्टा कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावायचा. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेमुळे अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, पण जानेवारीच्या कोरड्या सकाळी, अंगात स्वेटर असताना, बोटातून निघालेली न जाणवणारी ठिणगीही चिप मारू शकते.

रॅम कडांनी धरायची. बोटाचा घाम म्हणजे पुन्हा मीठच. धूळ ब्रशने, स्लॉट फुग्याच्या हवेने. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण जातात. स्लॉटमध्ये काडी, टाचणी, कापड काहीही घालायचं नाही. मग कापडावर आयपीएचे दोन थेंब, आणि चिपांकडून पट्टीच्या टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने एक फेर. कापडावर काळं आलं तर कापडाची जागा बदलून दुसरा फेर. डाग राहिलाच तर मऊ, पांढरं व्हिनाइलचं खोडरबर, तेही एक-दोनदा फिरवायचं आणि चुरा झटकायचा. शाई खोडायच्या निळ्या रबरात दगडाची पूड असते, ते दूर ठेवायचं. एवढ्याने डाग गेला नाही, तर तो सोन्याच्या खालून वर आलेला आहे असं समजायचं आणि रॅम बदलायची. कुठे थांबायचं हे कळणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण.

आयपीए घेताना ९९ टक्क्यांची घ्यायची. २०२० साली घरोघर सॅनिटायझर होतं आणि माझ्याकडे सॅनिटायझरने पुसलेले बोर्ड यायला लागले. त्यात पाणी असतं आणि त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन चिकटून राहतं आणि वर्षभराची धूळ जमा करतं. आयपीएचं आणखी एक ध्यानात ठेवायचं: बारा अंशांच्या तापमानालाही तिची वाफ पेट घेऊ शकते, आणि बोईसरला बारा अंश कधी बघायला मिळतात? खिडकी उघडी हवी, शेजारी उदबत्ती किंवा निरांजन नको, आणि पूर्ण सुकल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

शाळांना मी जाताना एकच विनंती करतो: सुट्टीतही आठवड्यातून एकदा मशिनं तासभर चालू ठेवा. आत ऊब राहिली की दमटपणा बसत नाही. ज्या शाळा हे करतात, त्यांचे फोन जूनमध्ये कमी येतात. तेवढं माझं काम कमी होतं, आणि त्याचं मला मनापासून समाधान आहे.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूमसाठी हवा मोजायची एक रीत आहे. तांब्याची चकचकीत पट्टी महिनाभर त्या खोलीत टांगतात आणि तिच्यावर किती थर चढला ते मोजतात. अमेरिकेतल्या आयएसए या संस्थेच्या मानकानुसार महिन्याला तीनशे अँगस्ट्रॉमच्या आत चढला, तर ती हवा यंत्रांसाठी सौम्य. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग. हे वाचलं तेव्हा मला माझ्या ड्रॉवरची आठवण झाली. त्या किराणा दुकानदाराची रॅम अजून त्यात पडलेली आहे. मी उघडं पाडलेलं तिचं तांबं इतकी वर्षं बोईसरच्या हवेत आहे. आधी तपकिरी झालं, मग काळपट, मग कडेने हिरवं. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण दर जूनला पहिल्या शाळेत निघण्याआधी मी ती उजेडात धरून बघतो. माझ्या हाताने काय केलं होतं आणि या हवेने काय केलं, ते दोन्ही तिच्यावर दिसतं. नव्या मुलांच्या हातातही ती देतो. ती तेवढी मी कधीच पुसत नाही.