लग गरम लागला तर

पहाटे साडेपाचला दुकानाच्या पत्र्यावर थाप पडली की मी न विचारताच ओळखतो, कुणाचा तरी ट्रॅक्टर 'टक्' म्हणतोय. आंबिया बहाराची तोड आटपत आलेली असते, संत्र्याचे क्रेट रात्रीच ट्रॉलीत चढवलेले असतात, आणि माल उजाडायच्या आत पांढुर्ण्याला पोचायचा असतो. अशा वेळी सेल्फ मारावा आणि इंजिनानं नुसती कूस बदलावी!

"काकाजी, बॅटरी बसली. दिवाळीलेच तं नवी घेतली व्हती," पोरगा म्हणाला.

"पाहू तं," म्हणालो, आणि टॉर्च घेऊन निघालो. पान्हा घेतला नाही. पहिली तपासणी बोटांनी करायची, हे उस्तादांनी शिकवलंय.

बॉनेट उघडलं. "मार सेल्फ," म्हणालो. टक्. दोन क्षण थांबून पुन्हा टक्. मग चावी बंद करायला लावून वायरीवरून हात फिरवला. प्लसचा लग, म्हणजे वायरीचं धातूचं टोक, गार. बॅटरीवरचा मायनसचा लग गार. तिथून मायनसची पट्टी खाली चेसिसला जिथं बोल्टनं आवळली होती, तिथला लग मात्र चांगलाच गरम लागला. दव पडलेलं, सगळा ट्रॅक्टर गारठलेला, आणि तेवढ्या बोटभर जागेत ताप. करंट जिथं अडतो तिथं तापतो. बॅटरी बिचारी पाठवत होती, वाटेत कुणीतरी खात होतं.

बोटांचा हा धडा देणाऱ्या उस्तादांचं शिक्षण सहा व्होल्टवर झालेलं. त्यांच्या अंगणात दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा एक सांगाडा होता. सहा व्होल्टचा ट्रॅक्टर काही मी माझ्या हातानं उघडलेला नाही. तो अमेरिकेतला प्रकार. 1947 ते 1952 मध्ये बनलेला फोर्डचा 8एन सहावर चालायचा. आमच्याकडं सहा व्होल्ट म्हणजे राजदूत, जावा, जुनी बुलेट. पण उस्ताद म्हणायचे, ज्यानं सहाची गाडी सांभाळली त्याला बाराची गाडी खेळणं. "सहाले माफी नाही," हे त्यांचं वाक्य.

हिशेब सोपा आहे. तेवढीच ताकद हवी, तर व्होल्ट निम्मे झाले की करंट दुप्पट लागतो. समजा बाराच्या गाडीत सेल्फ 100 अँपिअर ओढतोय, तर सहाच्या गाडीत 200 ओढणार. आता एखाद्या गंजक्या लगमध्ये ओहमचा शंभरावा भाग अडला, तर बाराच्या गाडीत 1 व्होल्ट वाटेत गेला, 11 उरले, काम भागलं. सहाच्या गाडीत 2 व्होल्ट गेले, उरले 4. जोडातली घाण तेवढीच, मार चौपट. म्हणून त्या जुन्या गाड्यांची वायर अंगठ्याएवढी जाड असायची. बाराच्या ट्रॅक्टरला एवढी जाड वायर लागत नाही, त्यामुळे तिच्याकडं कुणी बघतही नाही. पण डिझेल इंजिनाचा सेल्फ 100 वर थोडाच भागतो! थंडीत तो 300 अँपिअरही मागतो, आणि मग त्याच घाणीत 3 व्होल्ट जातात.

एवढा का मागतो, तर इंजिनातलं ऑइल रात्रीतून काकवीसारखं झालेलं असतं. त्यात जुना ट्रॅक्टर, रिंगा झिजलेल्या. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. सेल्फ सावकाश फिरला तर हवा दाबली जाईपर्यंत रिंगांमधून निसटते आणि उरलीसुरली ऊब गार सिलिंडर पिऊन टाकतो. म्हणून थंडीत वेग पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच बॅटरीचं आतलं काम मंदावलेलं असतं.

तरी माझं मत असं, की आमच्याकडं थंडी बॅटरी मारत नाही. मारतो तो मे महिना. बॉनेटखालच्या भट्टीत पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, जाळ्या गंजतात. पण उन्हाळ्यात इंजिन मुळातच गरम, अर्ध्या फेऱ्यात लागतं, म्हणून कळत नाही. पौषात उघडकीला येतं आणि लोक थंडीला शिव्या देतात.

हे सगळं आता शहाणपणानं सांगतोय. दुकान नवीन टाकलं तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी स्वतः सांगितलं होतं, बॅटरी गेली, नवी आणा. त्यानं कापूस विकून आणली. बसवली. टक्. तेव्हा कुठं खाली वाकून पाहिलं, तर मायनसची पट्टी रंगावरच आवळलेली. कुणीतरी चेसिस रंगवून घेतलं होतं. रंग खरवडायला दहा मिनिटं लागली. जुन्या बॅटरीच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी मग मोजली, सहाही सेल 1.250 च्या आसपास, म्हणजे ठणठणीत. म्हातारा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ग्रॅव्हिटी पाहिल्याशिवाय आणि सेल्फ फिरताना बॅटरीपासून सेल्फपर्यंत प्लस-मायनस दोन्हीकडं मीटर लावल्याशिवाय मी बॅटरीबद्दल तोंड उघडत नाही.

पोराच्या ट्रॅक्टरचा बोल्ट खोलला. पट्टीच्या टोकाला हिरवट पांढरी बुकटी, निम्म्या तारा तुटलेल्या. खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतलं, ते फसफसलं. पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासलं, दुसरी पट्टी लावली, वरून व्हॅसलिन. तोवर त्याचा काका दुसरा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन हजर. मी अशा ट्रॅक्टरला बँकर म्हणतो. आमच्या स्टेशनापुढं चिचोंड्याचा घाट चढायला मालगाडीला मागून जादा इंजिन लावतात, त्याचं नाव. ते ढकलतं, हा ओढतो, एवढाच फरक.

"साखळी ठेवा," म्हणालो. "हीट दे आधी. पंधरा-वीस सेकंद. मनात मोज."

पोरानं मोठ्यानं मोजलं. सेल्फ मारला. तीन फेरे, एक खोकला, पांढऱ्या धुराचा लोट, मग भडभड.

"पांढुर्णा येईपर्यंत बंद करू नको. जुना डायनमो आहे, हळू चालवताना भरत नाही."

"नाही करत, काकाजी."

मी हात धुवत होतो तेवढ्यात आवाज थांबला. स्टेशनाजवळ चहाची टपरी आहे. मी नळ बंद केला आणि तसाच ओल्या हातांनी कान देऊन उभा राहिलो. एक कप चहाइतका वेळ गेला. मग भडभड.