चढ आपला, रस्ता त्यांचा

वीकएण्ड सायकलिंग म्हटलं की इंग्लंडमधल्या हिरव्या टेकड्यांचे फोटो फॉरवर्ड होतात. कशाला एवढ्या लांब? सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवर आपलं कर्जत आहे की! पुण्याला निघालेल्या कित्येक गाड्यांना इथेच मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाटात दर ३७ मीटरला एक मीटर चढ!

मी मात्र घाटाच्या वाटेला जात नाही. कर्जत, कडाव, कशेळे आणि मग कोथळीगडाच्या पायथ्याचं आंबिवली, हा माझा लाडका रूट. छोटे चढ, छोटे उतार, दोन्हीकडे भातशेती. मध्येच एखादी ठाकुरवाडी. हे एकाच गावाचं नाव नाही बरं का. ठाकूर आदिवासींच्या कितीतरी वस्त्यांना इथे हेच नाव.

मागच्या पावसाळ्यात एका चढावर मी गिअरवर गिअर बदलत धापा टाकत होते. शेजारून काळ्या, बिनगिअरच्या सायकलवरून एक काका शांतपणे पुढे निघाले. हॅण्डलला डबा.

"कुठं निघाली ताई?"

"कुठे नाही, असंच."

"असंच?" ते खळखळून हसले आणि एका फार्महाऊसच्या गेटातून आत गेले. ड्युटीवर.

पुढचे दोन किलोमीटर ते 'असंच?' डोक्यातून जाईना. आपण घाम गाळायला सुट्टी काढतो. त्यांनी सुट्टी काढली तर खाडा पडतो. तेव्हा ग्रुपने आलात तर सायकली एका रांगेत चालवा. मागून येणाऱ्याला खरोखरच वेळेवर पोहोचायचं असतं.