पैसे आले, नाव गेलं नाही

आमच्या सौंसरकडे संत्र्याचा बगीचा विकला की पैसे मोजून व्यवहार संपत नाही. रजिस्ट्री होते, मग तहसिलीत नामांतरण. भाच्यानं संत्रा विकण्यासाठी घेतलेलं डॉट कॉम नाव परवा एका व्यापाऱ्याला विकलं. म्हणाला, "मामाजी, पैसे आले. आता पासवर्ड पाठवून देतो."

म्हटलं, थांब बाबा. पासवर्ड म्हणजे किल्ली, मालकी नव्हे. रजिस्ट्रारच्या दप्तरी नोंद तुझीच राहिली, तर उद्या त्या नावावर कुणी लोकांना फसवलं की विचारणा तुझ्याकडे येईल. घेणाऱ्यालाही धास्ती, की तू नाव परत ओढून घेशील.

रीत साधी आहे. आधी नावाचं कुलूप काढायचं, मग ट्रान्सफरचा कोड फक्त घेणाऱ्यालाच द्यायचा. साधारण ५ दिवसांत नाव त्याच्या रजिस्ट्रारकडे जातं. नुकतंच नोंदलेलं असेल तर ६० दिवस अडू शकतं. दोघांचा रजिस्ट्रार एकच असेल तर खात्यातून खात्यात.

बँकेत जन्मभर हेच पाहिलं. कर्ज फिटलं तरी खसऱ्यावरचा बोजा उतरेपर्यंत शेतकऱ्याला झोप नसे. भाच्याची नोंद बदलली, तेव्हाच मी म्हटलं, आता विकलं.