विहिरीचा कठडा आणि शक्तिमान

या आठवड्यात डाळिंबाचं काही लिहीत नाही. बाग ताणावर आहे, सांगण्यासारखं काही नाही. विहिरीच्या कठड्याचं काम काढलंय. यंदाच्या पावसात गिलावा सुटला आणि दोन जागी दगड हलले. कालच्या फोटोखाली एकानं विचारलं, बोअरच्या जमान्यात जुन्या विहिरीवर खर्च कशाला? त्याचं उत्तर जरा लांबचं हाय.

सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झालं. आमच्या वस्तीवर तेव्हा एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाईट, आमच्या घरात. लाईटचा भरवसा नव्हता. मग शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणायची आणि तिच्यावर टीव्ही लावायचा. मालिका सुरुवातीला शनिवारी सकाळी असायची. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळं पोरांचं पोट त्याच दिवशी दुखायचं. पुढं मालिका रविवारी दुपारी आली तेव्हा ती दुखणी आपोआप गेली.

पहिल्या भागाला ओसरीत तीसेक माणूस असंल. पोरं पुढं, बाया उंबऱ्यात, म्हातारी माणसं बाजेवर. तो लाल कपड्यातला गडी दिसला आणि आमची आई म्हणाली, "अगं बया, ह्यो तर भीष्माचार्य!" महाभारतात मुकेश खन्नांनी भीष्म केला होता, तो गावोगाव पाठ. तिनं पदर सावरून हातच जोडले. पुढं किलविश आला, तो सुरेंद्र पाल, म्हणजे महाभारतातले द्रोणाचार्य. तेव्हा आईचा पार गोंधळ उडाला. "एकाच बाजूनं लढलेली ही दोघं, आता एकमेकाच्या जिवावर का उठली?" याला उत्तर कोण देणार!

आण्णा गप बघत होते. योगानं कुंडलिनी जागी केली, पंचमहाभूतांची शक्ती मिळाली, असं त्यात दाखवलंय. शेवटी आण्णांनी विचारलं, "पंचमहाभूतात पाणी बी आलं न्हवं? मग ह्यो गडी आपल्याकडं पाऊस का पाडत न्हाय?" सगळी वस्ती हसली. पण आण्णा काही चेष्टा करत नव्हते. माणदेशात म्हाताऱ्या माणसानं कुठल्याही देवाला पहिला हाच प्रश्न विचारायचा असतो.

पोरांचं मात्र वेगळंच. एक हात वर करायचा आणि गरागरा फिरायचं, चक्कर येऊन पडेस्तोवर. सगळ्यात पुढं माझा पुतण्या, वय सात. थोरला भाऊ गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात, वहिनीही तिकडंच. पोरगं शाळेसाठी आमच्यापाशी ठेवलेलं. म्हणजे जबाबदारी माझी.

तिसरा का चौथा भाग झाला असंल. बाजरी दाण्यात आली होती आणि मी माचाळावर गोफण घेऊन पाखरं राखत होतो. सहज विहिरीकडं नजर गेली. तेव्हा कठडा नव्हता. जुनी मोटेची विहीर, सात परस खोल, थारोळ्याचा दगड आत झुकलेला. त्या दगडावर पुतण्या उभा. हात वर केलेला. आणि फिरायला लागला.

हाक तोंडात आली होती, ती गिळली. दचकला असता तर संपलं होतं. माचाळावरनं उडी टाकली आणि बाजरीतनं पळत सुटलो. कणसं तोंडावर लागत होती. पोचलो आणि मागनं सदऱ्याला धरून ओढला. दोघंबी चिखलात पडलो.

म्हटलं, "आरं, मेला असतास की!"

तो म्हणाला, "नाना, मी पडलो असतो तर त्यो आला असता."

मी थोबाडीत मारली. जोरात मारली. भावाला काय तोंड दाखवलं असतं, हे डोक्यात होतं, आणि हात पोराच्या गालावर पडला. आजपण ते आठवलं की हात जड होतो. त्याच दिवशी ॲन्टेनाची वायर काढून माळ्यावर टाकली. पोरगं चार दिवस माझ्याशी बोललं नाही.

पुढं पेपरात बातम्या यायला लागल्या, कुठं पोरांनी उड्या मारल्या, कुठं भाजून घेतलं, शक्तिमान वाचवायला येईल म्हणून. त्यातल्या खऱ्या किती यावरही वाद झाले. पण मला वादाची गरज नव्हती. मग तो स्वतःच पडद्यावर येऊन पोरांना सांगायला लागला, की माझी नक्कल करू नका. तोवर आमची वायर परत लागली होती. पुतण्यानं ते ऐकलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. माझ्या थोबाडीतनं जे शिरलं नाही ते त्याच्या एका वाक्यानं शिरलं. राग आला, खरं सांगतो. पण बरंही वाटलं.

त्या साली कांद्याचे पैसे आले त्यातनं पहिलं काम कठड्याचं केलं. आण्णा म्हणाले, "आधी पाईपलाईन कर." मी ऐकलं नाही. आण्णांचं न ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

परवा पुतण्या पुण्यावरनं आला, बरोबर त्याचा पोरगा, वय सहा. दिवसभर मोबाईलवर कुठला तरी परदेशी उडणारा गडी बघतोय. कठड्याजवळ आल्यावर त्यानं बापाला विचारलं, "हे कशाला बांधलं?" पुतण्या हसला, एक हात वर केला आणि जागेवरच एक गिरकी घेतली. पोराला काही कळलं नाही. मला बघवलं नाही, मी गवंड्याला पाणी द्यायला गेलो.

कठडा तीन फूट होता, आता साडेतीन करतोय. सिमेंट दोन पोती जादा लागलं. गिलाव्यावर दहा दिवस दोन्ही वेळा पाणी मारायचं, तेवढं झालं की फोटो टाकतो.