हिप्पोक्रॅटिसच्या बेटावर, हंगाम सरल्यावर

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे ग्रीसच्या कॉस बेटावर दहा दिवस राहिलो. वैद्यकाचा जनक मानला जाणारा हिप्पोक्रॅटिस इ.स.पूर्व ४६०च्या सुमारास येथे जन्मला. त्याचे गाव पाहावे, ही माझी विद्यार्थिदशेपासूनची इच्छा. परंतु या प्रवासाचे खरे कारण निराळे होते. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघात झाला. तेव्हापासून तिची शुश्रूषा माझी पत्नी करते. या काळात तिने घराबाहेर एकही रात्र काढलेली नव्हती. अखेर माझी धाकटी बहीण सांगलीला राहायला आली आणि तिने बजावले, "वहिनी, फोन तू करायचा नाहीस. मीच करीन."

हंगाम सरलेला असल्याने आम्ही अथेन्समार्गे विमान बदलून पोहोचलो. किनाऱ्यावरील बरीचशी हॉटेले बंद होती. आरामखुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. गाव मात्र आपल्या नित्यक्रमात होते. चहापानगृहांत वृद्ध मंडळी सोंगट्यांचा डाव मांडून बसत. खाणावळीत पांढऱ्या घेवड्याचे गाजर-टोमॅटो घातलेले सार आणि लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी मिळे. दिवसा हवा सुखद, संध्याकाळी स्वेटर लागे. ज्येष्ठांना ही शांतता मानवेल. मात्र बसगाड्या कमी असतात आणि पावसात दगडी फरसबंदी निसरडी होते, हे ध्यानी ठेवावे.

शहरापासून सुमारे ४ किलोमीटरवर अस्क्लेपिऑन, म्हणजे आरोग्यदेवता अस्क्लेपिअसचे प्राचीन स्थान आहे. डोंगरउतारावर तीन टप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या रुंद पायऱ्या. ही बांधकामे हिप्पोक्रॅटिसच्या मृत्यूनंतरची आहेत. अस्क्लेपिअसच्या देवस्थानांत रुग्ण स्नान करून रात्री निजत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. श्रद्धेचा भाग सोडला, तरी आजाऱ्याला प्रथम स्वस्थ झोपू द्यावे, हे मला पटले.

दुसऱ्या टप्प्यावर पत्नी दम लागून खाली बसली. मुक्कामी परतल्यावर, स्वतःसाठी नेलेल्या यंत्राने मी तिचा रक्तदाब मोजला: १६८/९८. एका मोजणीवरून निदान करू नये, म्हणून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ विश्रांतीनंतर मोजत राहिलो. आकडा एकदाही १५०च्या खाली आला नाही. तीस वर्षे मी इतरांचा रक्तदाब मोजतो आहे. हिचा शेवटचा केव्हा मोजला होता, ते मला आठवेना.

झोपेचेही तसेच. हिवाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते. पत्नी रात्री साडेदहाला दचकून उठे, पुन्हा साडेबाराला उठे. सांगलीत तेव्हा दोन आणि चार वाजलेले असत. आईची कूस बदलण्याच्या त्या वेळा. पाचव्या रात्री ती प्रथमच सलग झोपली.

एम्ब्रोस थर्मे येथे गरम पाण्याचा झरा समुद्रालाच मिळतो. रक्तदाब आटोक्यात नसल्याने ती पाण्यात उतरली नाही; काठावर बसून लाटा पाहत राहिली. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी अशा झऱ्यात उतरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चटकन उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते.

निघण्याच्या आदल्या दिवशी हिप्पोक्रॅटिसच्या नावाचा वृक्ष पाहिला. त्याखाली तो शिकवीत असे, ही आख्यायिका. आजचे झाड सुमारे पाचशे वर्षांचेच मानतात. खोड पोकळ झाले आहे, फांद्या टेकूंवर तोललेल्या आहेत. पत्नी बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "हे टेकूसुद्धा अधूनमधून बदलत असतील ना?" मला उत्तर सुचले नाही.

ज्येष्ठांसह परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडे: औषधे हातातील पिशवीत ठेवा, औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी जवळ असू द्या, वेळफरकानुसार गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून घ्या, विमानात अधूनमधून उठून चाला. ग्रीसमध्ये तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

परतल्यावर पत्नीचे उपचार सुरू झाले. आता आठवड्यातून तीन रात्री आईजवळ मदतनीस असते आणि दोन रात्री मी उठतो. आईची वाचा अजून अडखळते. कॉसहून निघताना तिच्याशी बोललो, तेव्हा सुनेला पाहून ती दोनच शब्द बोलली: "सावकाश ये."

आपल्या घरीही कोणी असे रात्री उठत असेल. आज त्यांचा रक्तदाब मोजून घ्या.