थोरली पाती, धाकटी पाती

झिजेचा हिशेब आपल्या घरांतून फार जुना आहे. तवा जितका जुना तितके धिरडे अलगद सुटते, म्हणून नवा तवा आला तरी जुना फडताळातून हलत नाही. उलट पाटा झिजून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जाण्याऐवजी नुसती सरकते. मग टाकीवाल्याची वाट पाहावी लागते. म्हणजे झीज एका वस्तूला शहाणी करते आणि दुसरीला निकामी. हे आपल्या आयाआज्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

पण उडणाऱ्या वस्तूंचे काय? विटीचे टोक झिजून बोथट झाले की ती उठत नाही. दांडूचा टोला कितीही नेमका बसला तरी ती जमिनीलगत फरपटते. आमच्या लहानपणी देवासला अशा विटीला 'पेन्शनर' म्हणत. आता मी स्वतःच पेन्शनर झाल्यामुळे तो शब्द तितकासा विनोदी वाटत नाही. बॅडमिंटनच्या फुलाची सोळा पिसे असतात, त्यांतले एक मोडले तरी फूल डुगडुगते. क्रिकेटचा चेंडू मात्र या दोघांहून बेरकी! नवा असताना तो एका बाजूला वळतो. जुना झाला, एक अंग खरबरीत आणि दुसरे घासून राखलेले असले, की वेगवान गोलंदाजाच्या हातून तो नेमका उलट बाजूला वळू लागतो. १९७९ मध्ये मेलबर्नला सरफराज नवाझने ८६ धावांत ९ गडी टिपले, तेव्हापासून या उलट्या वळणाचा बोलबाला झाला. होळकर संघाचा आणि कर्नल सी. के. नायडूंचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या माळव्यात त्यावर चहाच्या किती किटल्या रिकाम्या झाल्या असतील, कोण जाणे.

हे सारे आठवायला कारण झाल्या दोन प्लास्टिकच्या चकत्या.

आमचे चिरंजीव अमेरिकेत शार्लट गावी असतात. तिकडे डिस्क गोल्फ नावाचा खेळ फार चालतो. गोल्फसारखाच, पण काठी नाही, चेंडू नाही आणि खड्डाही नाही. चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो पोचेल तो जिंकला. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह बागेत या खेळाचे पहिले कायमचे मैदान उभारले. साखळ्यांची टोपलीही त्याचीच. गृहस्थ इतका वेडा, की २००२ मध्ये तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या पाडल्या गेल्या. आमच्या घरात हे ऐकून ही म्हणाली, "मग त्यांचं नर्मदेत नेण्याचं काम वाचलं!"

मागच्या डिसेंबरात चिरंजीव सहकुटुंब आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन चकत्या होत्या. दोन्ही एकाच साच्यातल्या. इनोव्हा कंपनीची डिस्ट्रॉयर नावाची, लांब पल्ल्याची, म्हणजे त्यांच्या भाषेत डिस्टन्स ड्रायव्हर. व्यास एकवीस सेंटिमीटरांच्या आसपास, वजन पावणेदोनशे ग्रॅम, आणि कड चांगली रुंद व पुढे पातळ होत गेलेली. कुत्र्याला फेकतात त्या फ्रिसबीशी हिचे नाते नावापुरतेच. एक कोरी करकरीत, दुसरी सहा वर्षे वापरलेली. जुनीचा रंग उडालेला, कडेवर ओरखडे, आणि नाकाशी पाइन झाडांनी दिलेल्या बारीक पोचांची रांग. नातवाने त्यांना नावे विचारली. मी सांगून टाकले, जुनी ती थोरली पाती आणि नवी ती धाकटी पाती. देवासकरांना याचा अर्थ सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढेच, की पवारांच्या एकाच घराण्याच्या या दोन शाखा अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत याच गावात शेजारी शेजारी राज्य करीत होत्या. साचा एक, गाव एक, पण दरबार दोन आणि कारभाराची तऱ्हाही दोन.

पहाटेच्या थंडीत आम्ही टेकडीच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर जाऊ लागलो. चिरंजीवांनी आधी धाकटी फेकली. उजव्या हाताने, अंगावरून बाहेर, अशी फेकली की वरून पाहणाऱ्याला ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरताना दिसावी. ती सरळ सुटली, मध्ये किंचित उजवीकडे कलली, आणि वेग ओसरताच डावीकडे वळून खाली उतरली. मग त्याच हाताने, त्याच जोराने थोरली. ही मात्र उजवीकडे कलली ती कललीच, बराच वेळ तशीच तरंगत गेली, आणि शेवटी डावीकडे यायचे तेवढे न येता उजव्या अंगालाच उतरली. दोन्ही पडल्या त्या जागांत आमच्या घराच्या अंगणाएवढे अंतर!

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. मला चैन पडेना. पण उत्तर भोवऱ्यात आहे. फिरता भोवरा कलला की पडत नाही, तो बाजूला घुमतो. फिरत्या वस्तूला एका बाजूने दाबावे तर ती झुकते चौथाई फेरा पुढे. चकती जोरात असताना हवेची उचल तिच्या मध्याच्या जरा मागे लागते, नाक खाली दाबले जाते, आणि चौथाई फेऱ्याच्या नियमाने ती उजवीकडे कलते. वेग कमी झाला की उचल पुढे सरकते, नाक वर होऊ पाहते, आणि ती डावीकडे कलते. पहिल्या कलण्याला तिकडे टर्न म्हणतात, दुसऱ्याला फेड. चकतीवर चार आकडे छापलेले असतात. डिस्ट्रॉयरचे म्हणजे वेग १२, तरंगणे ५, टर्न उणे १, फेड ३. एखाद्या पत्रिकेसारखे. पण जन्माची पत्रिका सहा वर्षांच्या संसारानंतर कितपत लागू पडते, हे आपण जाणतोच.

झीज होते ती कडेवर. कडेची सर्वांत पुढे आलेली रेघ जमिनीपासून किती उंच, यावर बरेच काही ठरते. उंच असेल तर चकती हट्टाने डावीकडे येते. झाडावर, दगडावर, डांबरी रस्त्यावर आपटत आपटत ही रेघ हळूहळू खाली दबते, आणि चकतीचा हट्ट जातो. टर्न वाढतो, फेड कमी होतो. म्हणजे छापलेले आकडे तेच, पण चाल दुसरी. साध्या प्लास्टिकची चकती एका मोसमात अशी होते. महाग, चिवट प्लास्टिकच्या चकतीला वर्षे लागतात. आणि गंमत अशी, की मुरलेले खेळाडू झिजलेली चकती फेकून देत नाहीत. एकाच साच्याच्या तीन-चार चकत्या पिशवीत बाळगतात, एक कोरी, एक अर्धी मुरलेली, एक पार मऊ झालेली. समोरून वारा असेल तर कोरी काढायची, कारण समोरच्या वाऱ्यात चकतीला हवेचा वेग जास्त भासतो आणि जुनी तर पालथीच पडू पाहते. वारा पाठीमागून असेल, किंवा झाडांच्या बोळातून सरळ काढायची असेल, तेव्हा जुनी. जामगोदरानीच्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. आमच्या पठारावरच्या वाऱ्याने आम्हाला हा धडा दोन सकाळींत दिला.

मग माझी पाळी आली. सत्तरी उलटलेला खांदा, त्यातून थंडी. धाकटी मी जीव खाऊन फेकली. ती सुटली आणि वीस पावलांवरच डावीकडे वळून जमिनीत घुसली. पुन्हा तेच. थोरली फेकली, आणि ती सरळ गेली! पन्नासएक पावले, शेवटी जरा डावीकडे, अगदी शिस्तीत. नातू धावत गेला आणि ओरडला, "आजोबा, सीधा!" चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, ते आकडे जोराच्या हातासाठी असतात. तुमच्या हाताला नवीत फक्त फेड मिळतो. जुनीचा हट्ट गेलाय, म्हणून ती तुमचं ऐकते."

त्याच्या हातून उजवीकडे जाणारी चकती माझ्या हातून सरळ जाते. चकती तीच, पण त्या दिवसापासून ती आम्हा दोघांची झाली, आणि तिथूनच कुरबुरही सुरू झाली.

मध्येच एक सांगतो. पुण्याचे आमचे व्याही एकदा दुपारी आले होते. जेवायला बसा म्हटले, तर मी सहज म्हणालो, "मी जेवून चुकलो." ते घाबरून म्हणाले, "का हो, काय चुकलं?" आमच्या मराठीची कड माळव्याच्या हिंदीवर अडीचशे वर्षे आपटत आली आहे. व्याकरणाच्या पुस्तकात छापलेले आकडे तिला आता जसेच्या तसे लागू नाहीत. ती जरा वळते. व्याह्यांनी फेकली तर पालथी पडते, आमच्या हातून मात्र बरोबर पोचते. नातवाचे तर त्याहून वेगळे. तो मराठीत विचारतो, हिंदीत ओरडतो आणि इंग्रजीत रुसतो. पाहुण्यांना मी हटकून भानुकुलकडे नेतो. १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले, आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले ते वेगळ्या दमाचे गाणे घेऊन. आजाराआधीच्या गाण्याशी त्याची तुलना करणारे आमच्या गावात अजून भेटतात. मी त्या वादात पडत नाही, पण ऐकतो मात्र नंतरचे.

तर कुरबुर. नववर्षाला आम्ही सारे धारला मेहुण्यांकडे गेलो. मुंज तलावाच्या काठी नातवाला सुचले, की पाण्याच्या कोपऱ्यावरून चकती पलीकडच्या काठावर काढायची. पल्ला फार नव्हता. पण ही लांब पल्ल्याची चकती बहुधा पाण्यात बुडते. मी थोरली काढली, कारण माझ्या हातून सरळ जाणारी तीच. चिरंजीवांनी माझे मनगट धरले.

"बाबा, ती नको. नवी टाका."

"अरे, नवी माझ्याकडून सरळ पाण्यात जाईल."

"जाऊ दे. वीसएक डॉलरला दुसरी येईल. ही कुठून आणू?"

मेहुणे जुने व्यापारी. त्यांना हा उलटा भाव कळेना. नवी गेली तरी चालेल आणि जुनी जपायची? चिरंजीवांनी त्यांना समजावले, की मामा, दुकानात कोरीच मिळते. ही सहा वर्षांत रोज थोडी थोडी झाली. कुठल्या झाडावर किती वेळा आपटायची, हे काही ठरवून करता येत नाही. त्याच्या घराजवळच्या जंगलात एक बोळ आहे, दोन्हीकडे पाइन. त्यात हीच चकती चालते. शेवटी त्या दिवशी पाण्यावरून कुणीच काही टाकले नाही. नातवाने चपटे दगड घेऊन भाकऱ्या काढल्या, आणि मेहुण्यांनी त्याच्याहून एक जास्त काढली.

जायच्या आदल्या रात्री पिशव्या भरताना थोरली टेबलावर होती. चिरंजीव तिच्याकडे पाहत होते, मीही. हिने दोघांकडे पाहिले आणि ती स्वयंपाकघरात गेली. तो ठेवून जातो म्हणाला असता तर मी घेतली असती, हे खरे सांगतो. पण बोळ त्याचा होता, पाइन त्याचे होते, आणि तिच्या कडेवरचे पोच सहा वर्षांच्या त्याच्या एकट्या संध्याकाळींचे होते. त्या संध्याकाळींबद्दल तो फोनवर कधी बोलला नव्हता. मी थोरली उचलून त्याच्या पिशवीत सरकवली. तो म्हणाला, "मग तुम्ही काय फेकणार?" मी धाकटीकडे बोट दाखवले.

धाकटी चिवट प्लास्टिकची. मी रोज पहाटे माळावर जातो, मुद्दाम कडुनिंबाच्या बुंध्यावर नेम धरतो. बुंधा चुकतो ते वेगळे. तीन महिन्यांत कडेवर एक ओरखडा उठला, तोही कुंपणाच्या तारेने. माझ्या हाताच्या जोराने ही मुरायला हिशेबाने नव्वदी गाठावी लागेल. चिरंजीवांना फोनवर हे सांगितले तर ते खूप हसले आणि म्हणाले, की साध्या प्लास्टिकची, वजनाने हलकी अशी एक पाठवतो, ती लवकर मऊ पडेल.

ती श्रावणात आली. केशरी रंगाची. हिने तिला नाव ठेवले मधली पाती, आणि देवासच्या इतिहासात नसलेली गादी आमच्या घरात स्थापन झाली. पहिल्याच दिवशी ती चिखलातल्या दगडावर आपटली. घरी येऊन नळाखाली धुतली, तर नाकाशी अंगठ्याच्या नखाएवढा पोच. मी फोटो काढून पाठवला. तिकडे रात्र होती, तरी लगेच उत्तर आले: "बाबा, छान. अजून शंभरेक हवेत."