साताऱ्याहून सांगलीस : एका तुटक्या खिळीची हकीकत

साताऱ्याहून सांगलीस जाणारा रस्ता आमच्या पिढीस तोंडपाठ आहे. अजिंक्यतारा पाठीमागें राहिला कीं नागठाणें, अतीत, उंब्रज हीं गांवें ओळीनें येतात. पुढें कऱ्हाडास कोयना व कृष्णा समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. आणि पेठनाक्यावर महामार्ग सोडून आष्ट्याच्या वाटेस लागलें म्हणजे उंसाच्या व हळदीच्या शेतांवरून सांगली जवळ आल्याची वर्दी मिळते. हे दोन जिल्हे निराळे मानण्याची संवय तशी नवीच. १९४९ सालीं संस्थानें विलीन झाल्यावर 'दक्षिण सातारा' असा जिल्हा करण्यांत आला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्यामुळें सातारकरास सांगली परकी वाटत नाहीं, आणि तेथील मंगलकार्याचें आमंत्रण त्यास मोडवत नाहीं.

गेल्या वैशाखांत आमच्या भाचीच्या मुलाची मुंज सांगलीस होती. मुहूर्त साडेअकराचा. पुतण्याच्या लहानशा मोटारींतून तो, आम्ही व आमचें कुटुंब असे तिघे सकाळीं सात वाजतां निघालों. बटूच्या संध्येचें पळीपंचपात्र आमच्याच पिशवींत होतें. नागठाणें ओलांडल्यावर डाव्या बाजूच्या मागल्या चाकांतून, डब्यांत खडा घालून हालवावा तसा आवाज येऊं लागला. रस्त्यावरची खडी उडत असेल, असें पुतण्याचें मत. परंतु कोणता आवाज कोणत्या बांकावरून आला हें ओळखण्यांत पस्तीस वर्षें घालविलेल्या कानांस तें पटेना. उंब्रजच्या अलीकडे मोटार कडेस घ्यावयास लावली. चाकावरचें झांकण काढतांच आंतून एक नट खालीं पडला, आणि त्याच्या पोटांत बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा अडकलेला ! चाक ज्या चार खिळींवर बसतें व ज्यांस मोटारवाले स्टड म्हणतात, त्यांपैकीं एक मोडली होती.

"काका, तीन आहेत कीं. हळूहळू जाऊं," पुतण्या म्हणाला. पावणेआठ झाले होते. उंब्रजहून मोटारसायकलीवर बोलावून आणलेल्या मिस्त्रीनें चाकापुढें बसकण मारली, नटांवरून हात फिरविला व आमच्या टोपीकडे पाहून म्हटलें, "गुरुजी, तिनावर गाडी जाईल हो. पण उरलेल्या तिघांनी किती सोसलंय ते मला तरी काय ठाऊक ? दुसरा तुटला, की तिसऱ्याला वेळ लागत नाही." सुट्या भागांचें दुकान कऱ्हाडास, आणि तें उघडणार दहा वाजतां. म्हणजे थांबलों तर मुहूर्त चुकलाच. कुटुंबानें एस. टी.नें पुढें व्हावें, असें आम्हीं सुचवून पाहिलें. "तुम्हांला येथें सोडून ?" एवढेंच उत्तर मिळालें. आम्हीं थांबण्याचें ठरविलें. पुतण्या रुसला, पण मोटारीची किल्ली आमच्या खिशांत होती.

चाक स्टडांवर टांगलेलें असतें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः नट आवळला म्हणजे स्टड किंचित् ताणला जातो व त्या ताणानें चाक हबावर घट्ट दाबलें जातें. भार वाहतें तें मुख्यतः ह्या दाबापासून होणारें घर्षण. नट सैल राहिला तर दाब जातो आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर स्टडास वांकविणारा हिसका बसतो. फाजील आवळला तर आटे बिघडतात किंवा बारीक चीर पडते. मिस्त्रीनें मोडलेलें तोंड उन्हांत धरून दाखविलें. अर्ध्याहून अधिक भाग काळसर, गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळ्यांचा. कडेचा थोडासा लखलखीत व खरबरीत. काळा भाग म्हणजे कित्येक दिवस हळूहळू आंत सरकत आलेली चीर. लखलखीत तेवढा आजचा. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत रेल्वेच्या गाड्यांचे आंस असेच मोडत, तेव्हां ऑगस्ट वोलर नांवाच्या इंजिनिअरानें प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं सहज सोसेल असा भारही लक्षावधि वेळां उलटसुलट पडला तर लोखंड मोडतें.

महिन्यापूर्वीं एका दुकानांत टायर बदलतांना पान्यास लोखंडी नळी जोडून, तीवर उभें राहून नट आवळल्याचें पुतण्यास तेव्हां आठवलें. सत्तर किलो वजनाचा मनुष्य दोन फुटी दांड्याच्या टोकावर उभा राहिला तर पीळ चारशे न्यूटन-मीटरच्या वर जातो. लहान मोटारीस साधारणतः पंचाऐंशी ते शंभर पुरतो. हा हिशेब आम्हीं तेथेंच लिफाफ्याच्या पाठीवर मांडून पुतण्यास दाखविला. तो अधिकच रुसला.

दहा वाजेपर्यंत बाभळीखालीं बसून दुसरें काय करणार ? आमच्या पूर्वजांस ही चिंता नवी नव्हती. अमरकोशांत आंसाच्या टोकाच्या खिळीस 'अणि' असें नांव आहे, आणि ऋग्वेदांतही रथाच्या ह्या खिळीचा उल्लेख 'आणि' ह्या रूपानें येतो. (आपल्या उभयान्वयी 'आणि'शीं त्याचा संबंध लावूं नये, आमचे विद्यार्थी लावीत.) कैकेयीनें दशरथाच्या रथाच्या आंसांत हात घातला, ही कथा वाल्मीकींत नाहीं, ती अध्यात्मरामायणांतली. वाल्मीकींत ती मूर्च्छित राजास रणांगणांतून दूर नेते, एवढेंच. आमच्या कुटुंबास हा पाठभेद मुळींच रुचला नाहीं. खीळच नसेल तर वर कशाचे, असा तिचा प्रश्न.

ह्या कृष्णाकांठास लोखंडाचें कामही अपरिचित नाहीं. बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली व तेथें लोखंडी नांगर घडविले. आमच्या मिस्त्रीचा हात पाहतांना त्या माळाची आठवण होत होती.

अकराच्या सुमारास कऱ्हाडाहून स्टड आले. एक नव्हे, चार. शेजाऱ्यांनींही जादा भार सोसलेला, म्हणून चारही बदलावे, हा त्याचा आग्रह. पुढल्या चाकांमागें दगड लावून त्यानें गाडी उचलली, हातब्रेक सोडून ड्रम काढला आणि हातोड्याच्या ठोक्यांनीं जुने स्टड मागच्या बाजूस पाडले. जुन्यानव्यांचे आटे, लांबी व मानेवरचे दांते ताडून पाहिले. नवा स्टड मागून घालून पुढें तीनचार वायसर व नट चढविला आणि आवळीत आवळीत तो जागेवर ओढून घेतला. डोकें मागें चपखल टेकलें कीं नाहीं, हें बोटानें चांचपलें. पुतण्या आट्यांस तेल लावूं लागला तेव्हां मात्र त्यानें हात धरला. तेलानें घर्षण कमी होऊन तेवढ्याच पिळांत स्टड जास्त ताणला जातो. शेवटीं चाक चढवून, समोरासमोरचे नट आळीपाळीनें, मापाच्या पान्यानें आवळले. मजुरी त्यानें इतकी थोडी सांगितली कीं आम्हांस ओशाळल्यासारखें झालें.

सांगलीस पोंचलों तेव्हां दोन वाजून गेले होते. मंगलाष्टकें झालीं होतीं, भिक्षावळही आटोपली होती, आणि शेवटची पंगत उठत होती. भाची कांहीं बोलली नाहीं. पळीपंचपात्र मात्र तिनें लगेच देवापुढें नेऊन ठेवलें, कारण सायंसंध्या अजून व्हावयाची होती. मुलास संध्या सांगावयास आम्हांसच बसविलें.

नवे स्टड पन्नासशंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हां तपासावे, असें मिस्त्रीनें बजावलें होतें. दुसरे दिवशीं सकाळीं पुतण्यानें कोणी न सांगतां शेजारच्या गॅरेजांतून मापाचा पान्हा आणला. चारांपैकीं एक नट किंचित् फिरला. बाकीचे तीन जागचे हालले नाहींत.